बाळासाठी मावशी ठेवताय? मग दोन महिने आधी सुरुवात करा

मॅटर्निटी लीव्ह २६ आठवड्यांची म्हणजे चिक्कार वेळ वाटतो, पण बाळंतपणाआधी घेतलेले आठवडे त्यातच धरतात, मग बारसं, पाहुणे, लसी यात दिवस कुठे जातात कळत नाही आणि जॉइन व्हायला आठ दिवस उरले की धावपळ सुरू. मी पुण्यात हेच केलं. तुम्ही करू नका, मावशी निदान पंधरा दिवस आधी घरात यायला हव्यात, तुम्ही स्वतः घरी असताना, आणि त्या दिवसांचा पगार पूर्ण द्यायचा.

शोधायला आधी वॉचमन, वरकामाच्या ताई आणि मालिशवाल्या बाईंना सांगा, त्यांना सगळ्या एरियाची खबर असते. ब्युरोतून घेणार असाल तर बाई सोडून गेली तर दुसरी किती दिवसात देणार ते लिहून घ्या. आमच्याकडून एका ब्युरोने महिन्याचा पगार कमिशन म्हणून घेतला, बाई बाराव्या दिवशी गेली आणि त्यानंतर त्यांनी फोनच उचलला नाही.

"अनुभव आहे का" हे विचारूच नका, सगळ्या हो म्हणतात. मी विचारायचे, बाळ रडून लालबुंद झालंय, दूध घेत नाहीये आणि माझा फोन लागत नाहीये, काय कराल? एक जण म्हणाली जायफळ उगाळून देते ताई, दोन तास गप झोपतं. नमस्कार! दुसरी म्हणाली आधी लंगोट बघीन, मग झबलं काढून मुंगीबिंगी चावलीय का बघीन, अंग गरम लागलं तर शेजारच्या काकूंना हाक मारीन. हिलाच ठेवलं.

आधारची झेरॉक्स (ओरिजिनल ठेवून घ्यायचं नाही), फोटो, गावचा पत्ता, घरच्या एकाचा नंबर घ्या आणि पोलीस व्हेरिफिकेशन करा, कंटाळा करू नका. आणि कोणी म्हणालं गावाकडची बारा-तेरा वर्षांची पोरगी आहे, बाळाशी खेळेल, तर सरळ नाही म्हणा, १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवणं गुन्हा आहे.

आता खरी भांडणं कशावरून होतात ते सांगते, पगारावरून कमी आणि "जाता जाता" वरून जास्त. बाळाचे कपडे, बाटल्या उकळणं, पेज करणं हे तिचं काम, पण आमच्याकडे चौथ्या दिवशी सासूबाईंनी जाता जाता मेथी निवडायला दिली, मग लसूण, मग पाहुण्यांचे कप. बाळ झोपलं की बाई रिकामी असं घरातल्यांना वाटतं. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे सगळं लिहिलं, कामं कुठली, महिन्याला पगारी सुट्ट्या किती, खाडा झाला तर किती कापणार, दिवाळीला काय, उचल दिली तर कशी फिटणार, जत्रेला गावी जाणार ते कधी. मी वाचून दाखवलं, मग मावशींनी आणि मी सह्या केल्या. चहा आपल्याच कपात द्या हो, वेगळा कप वगैरे प्रकार नको.

कॅमेरा लावणार असाल तर तिला आधी सांगा, चोरून नाही.

पंधरा दिवसात शिकवायचं ते असं, काढून ठेवलेलं आईचं दूध बाहेर जास्तीत जास्त चार तास, पण एप्रिल-मे मध्ये सरळ फ्रिजमध्येच, बाळाने तोंड लावून उरलेलं परत ठेवायचं नाही. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटण म्हणून सुद्धा. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं लांबच. फ्रिजवर डॉक्टरांचा नंबर, १०८ आणि ११२. आमच्या मावशींना वाचायला जड जायचं म्हणून त्यांच्या मोबाइलमध्ये नंबरांना आमचे फोटो लावले, डॉक्टरांना स्टेथोस्कोपचं चित्र.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अर्धा तास भाजीला जा, मग दोन तास, मग अख्खी दुपार. जाताना बाळाला टाटा करून जा, लपून सटकलात तर ते दिवसभर दाराकडे बघत बसतं. आणि सातला सोडायचं ठरलं असेल तर सातला सोडा, ट्रॅफिकमध्ये अडकलात तर जादा तासाचे पैसे द्या, तो रेट पण त्याच कॅलेंडरच्या मागे लिहून टाका.