एकाच बैठकीत दाताची कॅप: जाण्याआधी काय विचारावे, खुर्चीत काय सांगावे

रूट कॅनॉल झालेल्या दाढेवर कॅप बसवायची म्हटली की दोन फेऱ्या ठरलेल्या असत. पहिल्या दिवशी दाढ घासून माप द्यायचे, आठ-दहा दिवस तात्पुरती कॅप सांभाळत एकाच बाजूने जेवायचे आणि लॅबमधून कायमची कॅप आली की पुन्हा खुर्चीत बसायचे. आता कॅमेऱ्याने दाताचे माप घेऊन, दवाखान्यातल्याच यंत्रावर सिरॅमिकची कॅप कोरून ती त्याच दिवशी चिकटवता येते. या पद्धतीचा उगम झुरिक विद्यापीठातला आहे. तेथे वेर्नर म्योरमान आणि मार्को ब्रांडेस्टिनी यांनी विकसित केलेल्या सेरेक यंत्रणेने १९८५ मध्ये पहिल्यांदा रुग्णावर उपचार झाला. सुरुवातीला त्यावर दातात बसणारे छोटे तुकडेच कोरले जात, पूर्ण कॅप नंतर जमू लागली.

वेळ ठरवतानाच एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्यावी: कॅप कोरण्याचे यंत्र आणि ती भाजण्याची भट्टी दवाखान्यातच आहे का? अनेक ठिकाणी माप कॅमेऱ्याने घेतले जाते, पण कॅप बाहेरच्या लॅबमध्ये बनते, त्यामुळे ‘डिजिटल’ या शब्दावरून ती त्याच दिवशी मिळेल असे गृहीत धरू नये. कॅप कोणत्या पदार्थाची असेल, त्याचे नाव बिलावर लिहून मिळेल का आणि काही कारणाने काम त्या दिवशी पुरे झाले नाही तर तात्पुरती कॅप बसवून देतील का, हेही त्याच वेळी विचारावे.

प्रत्येक दाताला ही घाई मानवत नाही. रूट कॅनॉलनंतरचा ठणका अजून थांबलेला नसेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा कीड हिरडीखाली खोल गेलेली असेल, तर आधी ते दुखणे बरे करून घेणे हेच शहाणपणाचे आहे. रक्ताळलेल्या हिरडीजवळ दाताची कड कॅमेऱ्याला नीट दिसत नाही आणि कॅप चिकटतानाही ओल आड येते. समोरच्या एकाच दाताला कॅप लावायची असेल, तर शेजारच्या दाताशी रंग आणि पारदर्शकता तंतोतंत जुळवण्यासाठी लॅबमधल्या कुशल कारागिराला दोन दिवस जास्त द्यावेत, असे माझे मत आहे. दाढेच्या बाबतीत मात्र ही पद्धत फार सोयीची आहे.

त्या दिवशी पोटभर जेवून, दात घासून जावे. बैठक साधारण २ ते ३ तासांची असते आणि नंतर तोंड बधिर असल्याने काही तास नीट खाता येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह आणि औषधांची ॲलर्जी यांची माहिती इंजेक्शनआधीच द्यावी. रंगाची निवडही सुरुवातीलाच व्हायला हवी, कारण तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात कोरडे पडून मूळ रंगापेक्षा पांढरे दिसू लागतात.

त्यानंतर डॉक्टर दात सगळीकडून घासतात. सिरॅमिकला पुरेशी जाडी मिळावी म्हणून चावण्याच्या पृष्ठभागावरून साधारण दीड मिलिमीटर भाग काढावा लागतो. मग हिरडी जरा बाजूला सारून वरच्या दातांचे, खालच्या दातांचे आणि मिटलेल्या जबड्याचे चित्रण होते. जबडा मिटायला सांगतील तेव्हा नेहमी जेवताना मिटतो तसाच मिटावा, खालचा जबडा पुढे काढू नये. पुढचा सगळा चावा त्याच चित्रणावर आखला जातो. पडद्यावर दाताची कड अखंड दिसते का, हे डॉक्टरांना दाखवायला सांगण्यात संकोच बाळगू नये.

लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकची कॅप यंत्रातून बाहेर येते तेव्हा ती दातासारखी पांढरी नसते, निळसर जांभळी असते. पाहून घाबरू नये. या अवस्थेत पदार्थ कोरायला मऊ असतो, पण ठिसूळही असतो, म्हणून ती दातावर बसवून पाहताना करकचून चावू नये. नंतर सुमारे ८५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ती भाजली की तिला दाताचा रंग आणि खरी मजबुती येते.

चिकटवण्याच्या वेळी दात कोरडा राहणे सर्वांत महत्त्वाचे. जीभ तिकडे नेऊ नये, गिळावेसे वाटले तर हात वर करावा. कॅप बसल्यावर दातांच्या फटीत साचलेले सिमेंट पूर्ण निघाले पाहिजे आणि फ्लॉसचा दोरा दोन्ही बाजूंनी किंचित अडखळून आत गेला पाहिजे. तो सैल गेला तर तिथे अन्न अडकणार, म्हणून घरी निघण्यापूर्वीच तसे सांगावे.

शेवटी निळा कागद दातांत धरून चावा तपासतात. बधिर तोंडाला उंचवटा नीट कळत नाही, ही इथली खरी अडचण आहे. माझ्या आईच्या खालच्या दाढेला कॅप लावली तेव्हा संध्याकाळी तिला ती दाढ आधी टेकते असे जाणवले, पण ‘सवय होईल’ म्हणून तिने तीन दिवस काढले आणि चौथ्या दिवशी भाकरीचा घाससुद्धा चावेना. दवाखान्यात पुन्हा निळा कागद धरला, तेव्हा कॅपवर तिळाएवढा एकच गडद ठिपका उमटला. तेवढा भाग घासून गुळगुळीत करायला पाच मिनिटेही लागली नाहीत. म्हणून बधिरपणा उतरल्यावर हलकेच चावून पाहावे आणि ती दाढ इतरांच्या आधी टेकत असेल, तर दुसऱ्याच दिवशी फोन करावा.

बधिरपणा असेपर्यंत गरम चहा घेऊ नये, ओठ भाजला तरी कळत नाही. त्या दिवशी मऊ भात, खिचडी बरी. सुपारी आणि बर्फ त्या दाढेने पुढेही फोडू नयेत. रात्री दात खाण्याची सवय असेल, तर ती कॅप बनवण्याआधीच डॉक्टरांना सांगावी, म्हणजे पदार्थ त्या हिशेबाने निवडता येतो आणि रात्री घालायची पट्टीही करून घेता येते. कॅपखालच्या दाताला कडेशी कीड लागू शकते, त्यामुळे त्या दाढेभोवती ब्रश आणि फ्लॉस रोज फिरलाच पाहिजे.