समुपदेशकाचंच घर विस्कटलेलं असेल तर

टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर माझी समुपदेशनाची खोली आहे. दोन वेताच्या खुर्च्या, एक टेबलफॅन, भिंतीवर घड्याळ. बायको चौदा महिने निपाणीला माहेरी आहे. हुबळीला शिकणारा मुलगा माझा फोन उचलत नाही, दुसऱ्या दिवशी 'बिझी होतो' एवढा मेसेज टाकतो. रात्री मी उभ्या उभ्या पातेल्यातलाच भात खातो. हे आधीच सांगून टाकतो, कारण बेळगावात ते तुम्हाला कुणीतरी सांगणारच. वर म्हणणार, "स्वतःचा संसार नीट करता येईना, तो तुमचा काय करणार?"

प्रश्न रास्त आहे. पण समुपदेशक निवडताना तो शेवटी विचारायचा. आधी बाकीचं बघा.

पाटीवर जाऊ नका. 'कौन्सेलर' अशी पाटी कुणीही रंगवून घेऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. नंबर सरळ विचारा. विचारल्यावर चिडला, तर आल्या पावली जिना उतरा. गोळ्या लिहून द्यायचं काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरचं, आमचं नाही. घरातल्या कुणाला नसलेले आवाज ऐकू येत असतील, किंवा रात्रीमागून रात्री झोप नसूनही तो माणूस उसळत असेल, तर माझ्याकडे वेळ घालवू नका. आधी डॉक्टर गाठा, नाहीतर धारवाडला डिमहान्स या मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात न्या.

नात्यागोत्यातला समुपदेशक नको. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याकडे दोन गल्ल्या ओलांडल्या की सोयरीक निघते. शहापूरच्या माणसानं टिळकवाडीत यावं, टिळकवाडीच्यानं कॅम्पात जावं. गाडी खाली लावायची लाज वाटत असेल तर पुढच्या चौकात लावा, त्यात कमीपणा नाही. गोपनीयतेचा हक्क तुम्हाला 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दिला आहे. जिवाला धोका असला तर किंवा कोर्टानं मागितलं तर त्याला अपवाद आहेत. ते कोणते, हे पहिल्याच दिवशी समजून घ्या.

भाषा फोनवरच ठरवा. इथला माणूस घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बँकेत मोडकं इंग्रजी बोलतो. ज्या भाषेत तुम्ही भांडता, त्या भाषेत बसा. एक बाई अर्धा तास अगदी शाळेतल्यासारखं मराठी बोलत होत्या. सासूचा विषय निघाला आणि तोंडातून एकदम गेलं, "साकाग्यादरी!" पुरे झालं, एवढाच अर्थ. खरं बोलणं तिथून सुरू झालं. मला कन्नड येत नसतं, तर ते सुटलं असतं.

फी आणि वेळ फोनवरच विचारा. एक बैठक साधारण 45 ते 50 मिनिटांची असते. येताना दुधाच्या बिलामागं लिहून आणलंत तरी चालेल: त्रास कधीपासून, घरात कोण कोण, कोणत्या गोळ्या चालू. सोबत आलेल्यानं बाहेर बसायचं, मग तो नवरा असो की आई. रडू आलं तर रडा, बोलायला सुचलं नाही तर गप्प बसा. आणि कुंदा आणू नका. मी खातो, आणि मग फी मागायला जीभ उचलत नाही.

आता माझ्या घराचा प्रश्न.

गेल्या पावसाळ्यात एक जोडपं येत होतं (ओळख पटेल असं सगळं बदलून सांगतोय). ती माहेरी गेलेली, तो घड्याळाकडे बघत बसलेला. तिनं सांगितलं, जाताना गॅसवर दूध तसंच ठेवून आले, उतू जाऊ दे म्हटलं. मी त्याच्याकडे वळून म्हणालो, "काळजी करू नका, येतील परत." तिनं पर्स मांडीवर घेतली. तेवढंच. हे वाक्य त्याच्यासाठी नव्हतंच, मी माझ्यासाठीच बोललो होतो. दुसऱ्या दिवशी दोघांनाही फोन करून तसं सांगितलं, माफी मागितली आणि कॅम्पातल्या एका सहकारी बाईंकडे पाठवलं. आठवड्याची फी गेली. जोडप्यांचं काम तेव्हापासून मी बंद ठेवलंय. दारू, परीक्षेची भीती, कुणी गेल्याचं दुःख, यासाठी या. नवरा-बायकोच्या भांडणासाठी सध्या नको.

म्हणून समुपदेशकाची बायको कुठं राहते, हे विचारू नका. "तुम्ही स्वतः कुणाकडे जाता?" हे विचारा. उत्तर नाव-पत्त्यासकट नको, पण "जातो" एवढं तरी यायला हवं. "मला गरज नाही" म्हणणाऱ्याची मला भीती वाटते. बैठकीत तो स्वतःची कहाणी लावून बसला, रात्री अकराला मेसेज करू लागला, "मी तुमच्या सासऱ्यांशी बोलतो" म्हणाला, की समजा, त्याच्या घरातलं पाणी तुमच्या खोलीत शिरतंय. त्याला एकदा तोंडावर सांगा. तरी थांबलं नाही तर बदला. मध्येच सोडायला परवानगी लागत नाही, राहिलेल्या बैठकांचे आगाऊ दिलेले पैसे मात्र मागून घ्या.

मरणाचे विचार येत असतील तर वेळ मिळायची वाट बघू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, कन्नड किंवा मराठी निवडता येतं. जवळच्या कुणाला तरी रात्री सोबत बसायला सांगा.

माझ्याकडे यायचंच असेल तर सोमवार ते शनिवार, दुपारी तीननंतर. एकाआड एक शनिवारी मात्र खोलीला कुलूप असतं. त्या दिवशी मी सकाळच्या धारवाडच्या बसमध्ये असतो, तिथल्या एका बाईंसमोरच्या खुर्चीत जाऊन बसायला.