तान्ह्या मुलांना सांकेतिक भाषा कशी शिकवावी

दहा-अकरा महिन्यांचे बाळ हवी ती वस्तू बोटाने दाखवते, नको असलेला घास तोंड फिरवून नाकारते आणि निघालेल्या माणसाला हात हलवून निरोप देते; शब्द मात्र त्याच्या जिभेवर अजून यायचे असतात. या मधल्या काळात सांकेतिक भाषेतल्या मोजक्या खुणा त्याला येऊ लागल्या, तर रडण्याखेरीज आणखी एका मार्गाने ते आपल्या मनातले सांगू शकते.

सुरुवात साधारणपणे सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान करावी आणि बाळ स्वतः खूण करू लागेपर्यंत दोन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ जाऊ शकतो, हे गृहीत धरावे. खुणा मनाने रचण्यापेक्षा आपल्या भागातील कर्णबधिर माणसे वापरतात त्या सांकेतिक भाषेतून घ्याव्यात, शक्य झाल्यास त्यांच्याकडूनच शिकाव्यात. ही भाषा जगभर एकच नसते. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत इंग्रजी बोलली जात असली, तरी तेथील सांकेतिक भाषा पूर्णपणे वेगळ्या आहेत. म्हणून व्हिडिओतली खूण उचलण्यापूर्वी ती कोणत्या भाषेतली आहे, हे पाहून घ्यावे.

आरंभी ‘आणखी’, ‘दूध’, ‘झाले’, ‘मदत’ अशा दिवसातून अनेकदा लागणाऱ्या चार-पाच खुणा पुरतात. त्यांच्या जोडीला बाळाचे मन जिच्यात रमते अशा एखाद्या गोष्टीची, दिव्याची किंवा कुत्र्याची, खूण अवश्य घ्यावी. कारण बाळाला केवळ मागायचे नसते, पाहिलेले दाखवायचेही असते.

खूण कुठे आणि केव्हा करावी, हे कर्णबधिर आयांकडून शिकण्यासारखे आहे. बाळ चेंडूकडे पाहत असेल, तर त्याचे लक्ष स्वतःकडे ओढण्याऐवजी त्या अनेकदा चेंडूशेजारी, बाळाच्या नजरेच्या टप्प्यात हात नेऊन खूण करतात. कधी ती बाळाच्या अंगावरच करतात. त्यांची हालचाल नेहमीपेक्षा मोठी व संथ असते आणि तीच खूण त्या पुनःपुन्हा करतात. ऐकू येणाऱ्या बाळासाठी खुणेबरोबर शब्दही स्पष्ट उच्चारावा. त्यानंतर थांबावे, बाळाला पाहू द्यावे. त्याचे हात धरून खूण करवून घेऊ नये, आणि खूण केल्याशिवाय दूध किंवा खेळणे मिळणार नाही, अशी अट तर मुळीच घालू नये.

बाळाची पहिली खूण ओळखायला नजर तयार असावी लागते. अमेरिकन सांकेतिक भाषेत ‘आणखी’ म्हणताना दोन्ही हातांची बोटे टोकाशी जुळवून ती टोके एकमेकांवर टेकवतात. बाळ मात्र नुसत्या टाळ्या वाजवते, नाहीतर एका हाताचे बोट दुसऱ्या तळव्यावर टोचते. बोटांची किंवा मनगटाची हालचाल ते पुष्कळदा कोपरातून, खांद्यातून करते. हे बोबडे बोलच आहेत. त्यांना लगेच प्रतिसाद द्यावा, चूक दाखवू नये, आणि स्वतः मात्र खूण नेहमी नीट करावी.

खुणांमुळे मूल उशिरा बोलेल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. त्याचबरोबर त्यामुळे मूल लवकर बोलू लागेल किंवा अधिक हुशार होईल, या जाहिरातींवरही विसंबू नये. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांच्या २०१३ मधील अभ्यासात खुणा शिकवलेल्या बाळांच्या भाषाविकासाला विशेष गती आलेली दिसली नाही. त्यांच्या आया मात्र बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांना अधिक प्रतिसाद देत होत्या. माझ्या मते एवढा लाभही मोठाच आहे.

बाळ कर्णबधिर असेल, तर चार-पाच खुणांवर भागत नाही. त्याला संपूर्ण भाषा हवी असते, आणि तीही निदान होताच. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवायचे उपकरण) यांचे उपचार चालू असले, तरी सांकेतिक भाषा लांबणीवर टाकू नये, कारण भाषा सहज रुजण्याची पहिली वर्षे पुन्हा मिळत नाहीत. बहुतेक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे घरातल्या मोठ्यांनाही ही भाषा मुळापासून शिकावी लागते. त्यांनी सुट्या शब्दांवर न थांबता वाक्ये शिकावीत, बाळाची नजर आपल्याकडे वळेपर्यंत थांबून मगच खुणांनी बोलावे, आणि ही भाषा सफाईने वापरणाऱ्या कर्णबधिर प्रौढांचा सहवास बाळाला नियमित मिळेल अशी व्यवस्था करावी.