रेट्रो स्पोर्ट्‌स कारचं मॉडेल: क्रोमची अक्षरं आधी, रंग नंतर

जुन्या वळणाच्या गाडीचं मॉडेल बघताना नजर आधी क्रोमवर जाते, आणि फसवेगिरीही तिथेच उघडी पडते. चंदेरी रंगाने ब्रशने ओढलेली पट्टी राखाडीच दिसते. त्यापेक्षा चिकट पाठीचा पातळ मेटल फॉइल वापरा.

बॉनेटवरच्या उठावाच्या अक्षरांसाठी क्रम उलटा ठेवायचा. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) वाळला की अक्षरांवर फॉइलचा छोटा तुकडा ठेवून ओल्या कापसाच्या बोळ्याने खाचाखोचांत दाबा, कडा नव्या ब्लेडने कापा, आणि मग सगळ्या बॉडीला रंग द्या. रंग पक्का वाळल्यावर २००० ग्रिटचा, म्हणजे अगदी बारीक, पॉलिश पेपर टूथपिकच्या टोकाला गुंडाळून फक्त अक्षरांचे माथे हलकेच घासा. खालचं चंदेरी अक्षर न् अक्षर वर येतं. क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, त्यानंतरच. खिडक्यांच्या कडांच्या पट्ट्या मात्र क्लिअर कोट वाळल्यावरच लावा.

चाकांबद्दल एवढंच, की डोळ्यांवर विसंबू नका, भागाकार करा. १८ इंची चाक म्हणजे ४५७ मिमी. १/२४ प्रमाणात रिम १९ मिमीची हवी. मी एकदा अंदाजाने मोठी चाकं घेतली. गाडी देखणी दिसली, पण चाकं कमानीत फिरेनात! तेव्हापासून रंगाआधी बॉडी, चॅसी (खालचा सांगाडा) आणि चाकं मास्किंग टेपने जोडून बघतो.

आणि दाराच्या फटी प्रायमरआधीच थोड्या खोल कोरून घ्या. तीन-चार थरांखाली त्या बुजतात.