पुस्तक सुचवायचं काम मुलांकडे द्या

दापोलीच्या किनाऱ्यालगत एका माध्यमिक शाळेचं ग्रंथालय मी सांभाळते. तुमच्या शाळेत वाचन मंडळ सुरू करायचं असेल, तर आधी पुस्तकं सुचवायचं काम आपल्याकडून काढून मुलांकडे द्या. सातवीतल्या मुलाला बाईंपेक्षा आठवीतल्या मुलाचं म्हणणं पटतं.

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू तळहाताएवढ्या कापून ठेवा. कागद जाड असतो आणि प्रत्येक घरातून फुकट येतो. पुस्तक परत करताना मुलाने एक चिठ्ठी लिहून आत ठेवायची. सारांश मागू नका, मलपृष्ठावरचा मजकूर उतरून येतो. हे पुस्तक कोणाला द्यावं, कुठल्या पानापासून गोडी लागते आणि कुठे कंटाळा आला, एवढंच विचारा. कंटाळ्याचा प्रश्न गाळू नका. तो लिहायची मुभा असली की मुलं कौतुकही मनापासून लिहितात. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मध्ये एकाने लिहिलं होतं, “ज्याला कलमं बांधायला आवडतात त्याला द्या.” वडिलांबरोबर काजूच्या रोपवाटिकेत जाणाऱ्या मुलाने ते त्याच दिवशी नेलं. थोर शास्त्रज्ञाचं चरित्र म्हणून मी कितीही सांगितलं असतं, तरी त्याने हात लावला नसता. आणि चिठ्ठ्यांमधलं शुद्धलेखन लाल पेनाने तपासू नका, कृपा करून.

मंडळ शाळा सुटल्यावर ठेवलंत, तर एसटीने येणारी वाड्यांवरची मुलं कायमची बाहेर राहतात. मुख्याध्यापकांकडून आठवड्याचा एक तास वेळापत्रकातच मागून घ्या.

त्या तासाला मोठ्याने वाचन हवंच. ‘श्यामची आई’ त्यासाठी फार सोयीची आहे. साने गुरुजींनी ती 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, आणि तिची प्रकरणं म्हणजे श्यामने सांगितलेल्या 42 रात्री. एका बैठकीला एक रात्र घ्या. मातृप्रेमावर भाषण नको. पोहायच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामचं प्रकरण आधी वाचा. समुद्रात पोहणारी आमची मुलं तिथे जी बोलायला लागतात, त्यात कोण कुठल्या विहिरीत कसं शिकलं ते सगळं येतं. बोलू द्या, तास त्यातच संपला तरी चालेल. गुरुजींचं पालगड याच तालुक्यातलं. सहल तिथेच न्या, नाहीतर मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकाला. पण त्यांच्या दोन कविता वाचून झाल्यावर.

नववीला पुलंच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला रत्नागिरीचा अंतू बर्वा वाचून दाखवा आणि आपल्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या माणसावर पानभर लिहायला सांगा. त्या माणसाला आधी विचारायचं आणि लिहून झालं की त्यालाच वाचून दाखवायचं, हा नियम पक्का ठेवा.

पुस्तकं कमी असतील तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय. जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला भाषणं आवरती घ्या आणि वर्षभरातल्या चिठ्ठ्या व्हरांड्यात दोरीवर लावा. त्या दिवशी पुस्तकांची मागणी वाढते.

आपल्याकडे पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरते, म्हणून मुलांच्या हातात पुस्तकं देत नाहीत. खरं तर बंद कपाटातच ती जास्त धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पुस्तकं दाटीने कोंबू नका, उघडीप मिळाली की दारं सताड उघडी ठेवा. डांबरगोळ्यांनी कसर दूर राहते, ओल जात नाही. बुरशी दिसली तर पुस्तक वाऱ्याला सावलीत वाळवा आणि मग कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसा.

मे महिन्यात ग्रंथालयाला कुलूप लावू नका. तेव्हाच मुलांना वेळ असतो, मुंबईहून चाकरमान्यांची मुलं आलेली असतात, एक पुस्तक चारजण वाचतात. वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या पेपरला प्रत्येकाला दोन पुस्तकं द्या. ती जूनमध्ये भर पावसात परत येणार, तेव्हा नेतानाच सोबत जाड प्लास्टिकची पिशवी द्या आणि वहीत पुस्तकाशेजारी पिशवीचीही नोंद करा.