व्हीएस कोडचा एक्सप्लोरर आपल्या सोयीचा कसा करायचा

व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये जावास्क्रिप्टचा साधा प्रोजेक्ट जरी उघडला तरी डावीकडच्या फाइल्सच्या यादीत, म्हणजे एक्सप्लोररमध्ये, नोड मॉड्यूल्स (डाउनलोड केलेल्या लायब्ररींचा फोल्डर), दोनचार लॉक फाइल्स (लायब्ररींच्या नेमक्या व्हर्जन्सची नोंद), कॉन्फिगच्या फाइल्स असं सगळं दिसतं आणि जी फाइल हवी ती कुठेतरी खाली राहते, आणि नवीन शिकणारी मुलं तर ते बघूनच गांगरतात. हे सगळं आवरता येतं, एक्स्टेन्शनपण (वेगळं ॲड-ऑन) लागत नाही.

आधी कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबून सेटिंग्ज उघडा (मॅकवर कमांड). वर यूजर आणि वर्कस्पेस असे दोन टॅब दिसतील. यूजरमधला बदल तुमच्या सगळ्या प्रोजेक्टना लागतो, वर्कस्पेसमधला फक्त या प्रोजेक्टला, पण तो डॉट व्हीएसकोड फोल्डरमधल्या सेटिंग्ज फाइलमध्ये सेव्ह होतो आणि ती गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) कमिट झाली की टीममधल्या सगळ्यांना लागू. म्हणून स्वतःच्या आवडीनिवडी यूजरमध्येच ठेवा प्लीज.

आता सेटिंग्जच्या सर्चमध्ये फाइल्स एक्सक्लूड टाइप करा. गिटचा फोल्डर आणि मॅकची डीएस स्टोअर फाइल तिथे आधीपासूनच लपवलेली असते. ॲड पॅटर्न दाबून दोन स्टार, स्लॅश आणि पुढे फोल्डरचं नाव लिहिलं की तो फोल्डर कितीही आत असला तरी गायब. पण एक नीट लक्षात घ्या, इथे लपवलेलं प्रोजेक्टमधल्या सर्चमध्येही येत नाही, मग एखादी एरर लायब्ररीच्या कोडमध्ये शोधायची वेळ आली की माणूस तासभर शोधत बसतो आणि रिझल्ट शून्य. फक्त सर्चमधून काढायचं असेल तर सर्च एक्सक्लूड वेगळं आहे, ते वापरा.

म्हणून माझं मत असं की बिल्डचा कचरा (कोडमधून आपोआप तयार झालेल्या फाइल्स) तेवढा लपवा आणि बाकीच्यासाठी फाइल नेस्टिंग, म्हणजे एका फाइलखाली तिच्याशी संबंधित फाइल्स, वापरा, मला तरी एक्सप्लोररमधली ही सगळ्यात कामाची सोय वाटते आणि ती डिफॉल्टला बंद असते हे वाईट आहे. सेटिंग्जमध्ये फाइल नेस्टिंग शोधून एनेबल्डवर टिक करा. लगेच पॅकेज जेसनच्या (प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्ररींची यादी असलेली फाइल) पोटात लॉक फाइल्स जातात, टाइपस्क्रिप्ट फाइलखाली तिच्याच नावाची जावास्क्रिप्ट फाइल जाते, म्हणजे काहीच हरवत नाही फक्त गर्दी कमी होते. पण तिथेच एक्सपांड नावाचं ऑप्शन चालू असतं, त्यामुळे आतल्या फाइल्स उघड्याच दिसतात आणि लोकांना वाटतं काही फरकच पडला नाही. ते बंद करा. पॅटर्न्समध्ये स्वतःचे नियमपण टाकता येतात, जसं डाव्या बाजूला डॉट ईएनव्ही (प्रोजेक्टच्या सेटिंगच्या किमती ठेवणारी फाइल) आणि उजवीकडे डॉट ईएनव्ही डॉट स्टार, की डेव्हलपमेंट प्रॉडक्शन सगळ्या फाइल्स एका ओळीखाली.

कॉम्पॅक्ट फोल्डर्स हे डिफॉल्टला चालू असतं, एकात एकच फोल्डर असेल तर सगळे एका ओळीत जोडून दाखवतो. जावावाल्यांना हे छान, कारण त्यांचे पॅकेजचे फोल्डर खोल असतात, पण नवशिक्यांनी बंदच ठेवावं, मधल्या फोल्डरमध्ये फाइल बनवताना गोंधळ होतो.

कुठला फोल्डर कोणाच्या आत आहे ते कळत नसेल तर ट्री इंडेंट (आतल्या फोल्डरच्या आधी सुटणारी जागा) शोधा, ते ८ असतं, १६ करून बघा, आणि रेंडर इंडेंट गाइड्स ऑलवेज करा, उभ्या रेषा कायम दिसतात. सॉर्ट ऑर्डर मॉडिफाइड केलं की शेवटी बदललेली फाइल वर येते, मोठ्या प्रोजेक्टमध्ये मात्र फाइल्स सारख्या जागा बदलतात म्हणून मी नावानेच ठेवतो.

टॅब बदलला की एक्सप्लोरर त्या फाइलपर्यंत स्वतःच उड्या मारतो, त्याचा त्रास होत असेल तर ऑटो रिव्हील बंद करा. एक्सप्लोरर ज्यात असतो तो साइडबार उजवीकडे नेता येतो, कंट्रोल बी ने लपवताना मग कोड जागचा हलत नाही, हे एकदा करून बघाच. कन्फर्म डिलीट मात्र चालूच राहू द्या, कितीही घाई असली तरी.