शिशी रिकामी दिसते, तरी फेकू नका

नागपूरच्या एका प्रयोगशाळेत रुजू होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा मी एक महागडी शिशी जवळजवळ कचऱ्यात टाकली होती. मी राळेगाव तालुक्यातली. गावच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं कपाट. एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री झाली तरी प्रथिनाची शिशी हातात घेतली नव्हती. तुमच्यापैकी कुणाचं असंच असेल, तर हे तुमच्यासाठी.

शिशीत होतं सीवायपी४६ए१, माणसाच्या मेंदूतल्या कोलेस्टेरॉलवर काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातलं पाव हिस्सा कोलेस्टेरॉल तिथं. रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत शिरत नाही, मेंदूतलं तसंच बाहेर पडत नाही. मेंदू स्वतःपुरतं बनवतो, आणि जास्तीचं हलवायचं काम मुख्यतः या विकराचं. ते कोलेस्टेरॉलच्या २४व्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट बसवतं. मग तो रेणू मेंदूची सीमा ओलांडून रक्तात आणि पुढे यकृताकडे जातो. याचा जीन १९९९ साली हाती लागला. आता तो ई. कोलाय या जिवाणूत घालून प्रथिन बनवता येतं.

हे घरी सांगताना बीटी कपाशी कामी आली. तिथं जिवाणूचा जीन पऱ्हाटीत, इथं माणसाचा जीन जिवाणूत. बाबा म्हणाले, "मंग त्याले बोंडअळी नाही लागत ना?" शिशीची किंमत मात्र मी त्यांना आजवर सांगितलेली नाही.

तर ती शिशी. आत काहीच दिसेना, म्हणून रिकामी आली समजून मी ती बाजूला ठेवली. सिनियर ताईनं ओरडून उचलली. वाळवलेलं प्रथिन शंभर मायक्रोग्रॅम असलं तरी काचेवर पुसटसा पापुद्रा दिसतो, कधी तोही नाही. झाकण उघडण्याआधी शिशी सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरवायची, नाहीतर झाकणाला चिकटलेला माल उडून जातो. मग माहितीपत्रकात सांगितलेलं द्रावण तेवढंच घालायचं. शंभर मायक्रोग्रॅमला शंभर मायक्रोलिटर घातले की एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम. हलक्या हातानं हलवायचं, ताक घुसळल्यासारखं नाही. लगेच छोट्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांत. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवली-गोठवली की प्रथिन मरतं.

खरी चूक पुढे झाली, आणि ती माझीच. दीड महिना प्रयोग केले, पण विकरानं बनवायचा तो रेणू, २४-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल, काही तयार होईना. शेवटी माहितीपत्रक नीट वाचलं. वापराच्या रकान्यात फक्त वेस्टर्न ब्लॉट आणि एलायझा, म्हणजे अँटिबॉडीनं प्रथिन ओळखायच्या चाचण्या. तो प्रथिनाचा नुसता तुकडा होता, अँटिबॉडी तपासायला विकलेला. तो काम करणारच नव्हता. नाव तेच, शुद्धता ९० टक्क्यांच्या वर, पण शुद्ध म्हणजे जिवंत नव्हे. म्हणून मागवण्याआधी दोन गोष्टी बघा: सगळं प्रथिन आहे की तुकडा, आणि क्रियाशीलता मोजून दिली आहे का. सुरुवातीचा थोडा भाग कापलेला असला तर घाबरू नका, तो पेशीतल्या पटलात रुतणारा खुंटा असतो. आणखी एक: हे विकर एकटं काम करत नाही. त्याला इलेक्ट्रॉन देणारा छोटा रेणू एनएडीपीएच लागतो आणि ते इलेक्ट्रॉन पोचवणारं दुसरं विकर, रिडक्टेस, लागतं. ई. कोलायकडे असलं रिडक्टेस नसतं, ते वेगळं घालावं लागतं.

पार्सल मे महिन्यात मागवू नका, मागवलंच तर सोमवारी निघेल असं बघा. नवतपात ४५ अंशांत खोका रविवारभर गोदामात पडला तर कोरडा बर्फ उरत नाही. वाळवलेला माल एकवेळ तग धरतो, द्रवरूप नाही.

आता जिवंतपणा कसा तपासायचा? बाबा पेरणीआधी गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे भिजत घालतात. सत्तर उगवले नाहीत तर ते बियाणं रानात जात नाही. इथलं गोणपाट म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला ते मोजणारं यंत्र. सीवायपी४६ए१ ज्या पी४५० कुळातलं आहे, त्या विकरांत हीम हा लोह असलेला रंगीत गट असतो, म्हणून चांगला माल तांबूस दिसतो. त्यात डायथायोनाइट हे रसायन टाकून कार्बन मोनॉक्साइड सोडला की ४५० नॅनोमीटरला शोषणाचं शिखर येतं. पी४५० हे नाव त्यावरूनच पडलं. शिखर ४२० कडे सरकलं तर माल बिघडला. शिखराच्या उंचीवरून किती प्रथिन कामाचं आहे तेही निघतं. हा वायू विषारी आहे, हे फ्यूम हूडमध्येच, म्हणजे हवा बाहेर ओढणाऱ्या कपाटातच, कुणीतरी सोबत असताना.

पैशाचं थोडक्यात. एम.एस्सी.ला असतानाच तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करा, मोठ्या प्रयोगशाळेत दोन महिने हात चालतो. नंतर नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर सुरुवातीला महिना ३७ हजार. गावाकडे हा आकडा सांगितल्यावर लग्नाचं विचारणं काही दिवस थांबतं.

दुसरी शिशी आली ती तांबूस होती. ४५० ला शिखर आलं त्या संध्याकाळी घरी फोन लावला. बाबांनी एवढंच विचारलं, "उगवण किती निंघाली?"

"साठ टक्के."

"मंग बियाणं जरा जास्त टाक," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी तेच केलं.